प्रिंटर घेताना शाईचा हिशेब आधी



गाय घ्यायची म्हटली की आपण नुसती किंमत विचारत नाही. दूध किती, वेत कितवे आणि मुख्य म्हणजे वैरण किती खाते, हे विचारतो. इंजिन घेतानाही डिझेल किती पिते ते पाहतो. पण सोसायटीला, शाळेला किंवा घरच्या पोरांसाठी प्रिंटर घ्यायची वेळ आली की हाच शहाणपणा आपण घरी ठेवून दुकानात जातो. "सगळ्यात स्वस्त कोणता?" एवढेच विचारतो आणि यंत्र पाठीवर मारून आणतो. त्याची वैरण म्हणजे शाई. ती किती लागणार आणि संपल्यावर घरच्या घरी भरता येणार का, हे कोणी विचारत नाही.

आता गावागावांतल्या विकास सोसायट्यांत संगणक येत आहेत. केंद्र सरकारने २०२२ साली देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. संगणक आला की प्रिंटर आलाच. म्हणून या अंकातला धडा प्रिंटरचा. आधी आमची स्वतःची चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

आम्ही काय केले

आमच्या एका गट ऑफिससाठी आम्ही तीन कोटेशने मागवली आणि सर्वांत कमी दराचा प्रिंटर घेतला. ठराव झाला, पैसे वाचले म्हणून पाठ थोपटून घेतली. ऊस नोंदणी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात कार्ट्रिज संपली. नवी आणली, तीही संपली. हंगामाच्या अखेरीस व्हाउचरे मांडली, तर कार्ट्रिजांवर यंत्राच्या किमतीच्या तिपटीहून जास्त खर्च झालेला.

मग शहाणपण सुचले आणि बाजारातून कोणती तरी शाई आणून सिरिंजने भरली. छपाई झाली, पण एका सभासदाची नोंदणी पावती खिशात घामाने आणि दवाने भिजली आणि लागणीची तारीखच पुसली गेली. तोडीची पाळी लागणीच्या तारखेवर ठरते, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! ते गृहस्थ ऑफिसात येऊन म्हणाले, "साहेब, ऊस माझा बांधावर उभा आहे, पण कागदावरनं वाहून गेला की!" रजिस्टरला तारीख होती म्हणून निभावले. नसती तर त्यांची पाळी महिनाभर मागे गेली असती आणि वजनातली घट त्यांच्याच माथी बसली असती. चूक त्यांची नव्हती, आमच्या शाईची होती.

प्रिंटर शाई उडवतो कशी?

इंकजेट प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. त्यांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. उडवण्याच्या रीती दोन.

पहिली उष्णतेची. छिद्रामागची छोटी तार क्षणात तापते, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीत एका संशोधकाची तापलेली डाखणी शाई भरलेल्या सुईला लागली आणि शाई उडाली, त्यावरून ही कल्पना निघाली. १९८४ साली एचपीने याच रीतीचा प्रिंटर बाजारात आणला. त्यात शाई आणि हेड एकाच डबीत होते. शाई संपली की डबी काढून टाकायची. कार्ट्रिजची पद्धत तिथून रूढ झाली.

दुसरी रीत दाबाची. वीज मिळाली की वाकणारा एक बारीक स्फटिक पिचकारीसारखा शाई ढकलतो. एप्सन आणि ब्रदर यांची यंत्रे या रीतीची. यात हेड यंत्रातच कायम बसवलेले असते.

हा फरक लक्षात ठेवा, कारण भरणे सोपे की अवघड हे यावरच ठरते.

भरण्याच्या दृष्टीने चार जाती

(१) हेडसकट कार्ट्रिज. एचपी आणि कॅननच्या स्वस्त यंत्रांत बहुधा हीच असते. आत स्पंज असतो आणि वरच्या चिठ्ठीखाली छिद्रे असतात. सिरिंजने भरायला ही सोपी. हेड बिघडले तर कार्ट्रिज बदलली की नवे हेड आलेच. पण हेड कायम टिकत नाही. चार-पाच वेळा भरली की छपाईत पांढऱ्या रेघा येऊ लागतात.

(२) चिप असलेली सुटी शाईची डबी. इथे हेड यंत्रात आणि डबीवर चिप. शाई भरली तरी चिप म्हणते "संपली", आणि यंत्र अडून बसते. चिप पुन्हा चालू करण्याचे साधन किंवा बदली चिप मिळते का, हे आधी पाहावे. काही यंत्रांत कंपनी मागाहून प्रोग्रॅम बदलून परक्या चिपा बंद पाडते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिजांच्या खटल्यात निकाल दिला, की माल एकदा विकला की त्यावरचा कंपनीचा पेटंटचा हक्क संपतो. म्हणजे विकत घेतलेली डबी पुन्हा भरली म्हणून पेटंटच्या नावाने अडवता येणार नाही. तरी चिपचे कुलूप राहतेच. म्हणून खरेदीआधी चौकशी बरी.

(३) टाकीचा प्रिंटर. यात कार्ट्रिजच नाही. बाजूला टाक्या, बाटलीने शाई ओतायची. लोक स्वतःच यंत्राबाहेर बाटल्या आणि नळ्या जोडून काम भागवत होते. ते पाहून एप्सनने २०१० साली इंडोनेशियात प्रथम असा प्रिंटर विकायला काढला. पुढे कॅनन आणि एचपीनेही काढले. भरायला सर्वांत सोपा, पण विकत घ्यायला महाग.

(४) लेसर. याला शाई नसून कोरडी पूड असते. पूड वाळत नाही आणि पाण्याने पसरत नाही. नुसते काळे कागद काढणाऱ्या ऑफिसला हा चांगला. मात्र छपाईच्या वेळी वीज एकदम ओढतो, म्हणून लहान इन्व्हर्टरवर चालवू नये. इंकजेटला वीज फार थोडी लागते. भारनियमनाच्या गावी हा मुद्दा लहान नाही.

आता हिशेब

खालचे आकडे समजावण्यासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारचे दर घालून हाच हिशेब करा.

समजा, कार्ट्रिजचे यंत्र ४,००० रुपयांना, काळी कार्ट्रिज ९०० रुपयांना आणि तिच्यात पाने निघतात २००. पानाला खर्च साडेचार रुपये.

तीच कार्ट्रिज चार वेळा भरली. एका वेळी ५ मिलि शाई लागली आणि १०० मिलिची बाटली २०० रुपयांची धरली, तर एका भरणीला १० रुपये. एकूण खर्च ९४० रुपये, पाने १,०००. पानाला ९४ पैसे.

टाकीचे यंत्र १२,००० रुपयांना, बाटली ४०० रुपयांना, पाने ४,०००. पानाला १० पैसे.

आता यंत्राच्या किमतीत फरक ८,००० रुपयांचा. तुम्ही नव्याच कार्ट्रिज घेणारे असाल, तर टाकीवाला पानामागे ४ रुपये ४० पैसे वाचवतो. सुमारे १,८०० पानांत फरक फिटला. महिन्याला ३०० पाने काढणाऱ्या सोसायटीला सहा महिने पुरेत. कार्ट्रिज भरून वापरणारे असाल, तर वाचतात ८४ पैसे, आणि फरक फिटायला साडेनऊ हजार पाने, म्हणजे अडीच वर्षांवर लागतात. पण मग दर वीस दिवसांनी सिरिंज हातात घ्यायची कोणी? सेक्रेटरीचे हात काळे आणि सभासद दारात उभे! म्हणून रोजच्या कामाला टाकी.

घरी मात्र पोरांचे प्रकल्प, सातबारा, अर्ज असे महिन्याला २० पाने निघतात. १,८०० पानांना साडेसात वर्षे लागतील. तिथे भरता येणारी साधी कार्ट्रिज पुरते. गरज ओळखून घ्या, शेजाऱ्याने घेतला म्हणून घेऊ नका.

कार्ट्रिज कशी भरावी

१. पूर्ण कोरडी पडू देऊ नका. उष्णतेच्या हेडला शाईच गार ठेवते. कोरडे चालवले तर हेड जळते. छपाई फिकी दिसली की थांबा.

२. वर्तमानपत्र अंथरा. चिठ्ठी हळू सोला. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात. प्रत्येक छिद्रात काडी घालून रंग तपासा, अंदाजाने भरू नका. कप्प्यांची जागा सगळ्या कार्ट्रिजांत एकच नसते.

३. सुई स्पंजात घाला आणि शाई सावकाश सोडा. वापश्यावर पाणी देतो तशी, मुरेल तेवढीच. वर येऊ लागली की थांबा. जास्त भरली की रंग एकमेकांत मिसळतात.

४. चिठ्ठी परत लावताना हवेचे छिद्र बंद होता कामा नये. हवा आत गेली नाही तर शाई बाहेर येत नाही.

५. हेड मऊ कागदावर नुसते टेकवून टिपून घ्या, घासू नका. तांब्याच्या पट्ट्या कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. थोडा वेळ ठेवून मग बसवा.

६. पडद्यावर "शाई संपली" दिसतच राहील. पुष्कळ यंत्रांत बटण दाबून पुढे जाता येते.

टाकीच्या प्रिंटरला एवढी खटपट नाही, पण शाई खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरते. नेताना आडवा-तिडवा करू नका. पेटीतल्या पहिल्या शाईत पाने कमी निघतात, कारण नळ्या भरायला शाई जाते. फसवले असे समजू नका.

शाई कोणती?

शाईच्या जाती दोन. विरघळणाऱ्या रंगाची शाई स्वस्त, पण ओली झाली की पसरते. कणांची, म्हणजे पिगमेंट शाई, कागदावर बसते आणि पाण्याला टिकते. पावत्या, दाखले, तारीख असलेले कागद यांना काळी शाई पिगमेंटची हवी. आमच्या त्या सभासदाची तारीख गेली ती पहिल्या शाईने. मात्र यंत्र ज्या शाईचे आहे तीच घाला. दोन्ही जाती एकत्र केल्या तर शाई फाटते आणि हेड तुंबते.

हंगाम संपल्यावर

गळीत संपले की ऑफिस शांत होते आणि उन्हाळ्यात प्रिंटरची शाई छिद्रातच वाळते. पुढच्या नोंदणीला यंत्र उघडावे, तर पान कोरे! आठवड्यातून एकदा एक रंगीत पान काढायचे, हा नियम करा. बंद करताना यंत्राच्याच बटणाने बंद करा, म्हणजे हेड झाकणाखाली जाते. भिंतीचे बटण आधी दाबू नका. हेड धुण्याची क्रियाही उठसूट करू नका. ती शाई खाते आणि ती शाई तळाच्या शोषक पट्टीत साठते. पट्टी भरली की यंत्र अडते.

दुकानात विचारायचे सहा प्रश्न

एक, शाई संपल्यावर भरता येते का, आणि चिप आहे का? दोन, एका बाटलीत किंवा कार्ट्रिजमध्ये पाने किती? यासाठी आयएसओ २४७११ हे प्रमाण आहे, त्या मापाचा आकडा मागा. तीन, काळी शाई पिगमेंटची का? चार, शाई तालुक्याला मिळते का? पाच, शोषक पट्टी स्वतः बदलता येते का? सहा, हमी किती वर्षांची आणि किती पानांची? टाकीच्या यंत्रांना बहुधा दोन्ही मर्यादा असतात आणि आधी येईल ती धरतात. बाहेरची शाई वापरली तर हमीचे काय, तेही विचारून पावतीवर लिहून घ्या.

सोसायटीच्या पंचांना एक विनंती. कोटेशनात यंत्राच्या किमतीशेजारी आणखी एक रकाना आखा: "दोन वर्षांच्या शाईसह एकूण खर्च". मग सर्वांत कमी कोण ते ठरवा. आम्ही तो रकाना आखला नव्हता. यंदा आखला आहे आणि सभासदांच्या पावत्या आता भिजल्या तरी वाचता येतात.

पैसा सभासदांचा, कागदही सभासदांचा. दोन्ही वाहून जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा धडा.