लीळाचरित्रातील ‘सांगणारे’ : दैनंदिन माहितीची सामायिक नोंद आणि पाठभेदांची शिस्त

१

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील जयदेववाडी येथील ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचे एक प्रमुख तीर्थस्थान होय. येथे भाविकाच्या वंदनाचा विषय असते ती प्रामुख्याने श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेली जागा. पंथाच्या परिभाषेत अशा जागेस ‘स्थान’ म्हणतात. स्वामी जेथे बसले ते आसनस्थान, जेथे रात्र काढली ते वसतिस्थान, जेथे जेवले ते आरोगणास्थान, जेथे हिंडले ते विहरणस्थान, अशी या स्थानांची सूक्ष्म वर्गवारी आढळते. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ या ग्रंथात गावोगावच्या अशा जागांची नोंद दिशा आणि अंतरे सांगून केलेली आहे.

एखादा पुरुष कोणत्या ओट्यावर बसला आणि कोठे जेवला, ही माहिती वरवर पाहता किरकोळ होय. राजांच्या ताम्रपटात किंवा पंडितांच्या भाष्यात तिला जागा मिळत नाही. अशी माहिती टिकते ती ती एकमेकांना सांगत राहणाऱ्या समुदायामुळे. ‘लीळाचरित्र’ हा अशा सांगण्यातून सिद्ध झालेला मराठीतील आद्य गद्यग्रंथ होय. त्याचा विचार चरित्रग्रंथ, तत्त्वज्ञानाचे साधन, यादवकालीन समाजदर्शन आणि भाषेचा नमुना या अंगांनी पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याकडे एका वेगळ्या अंगाने पाहावयाचे आहे. अनेकांच्या आठवणी एकत्र करताना या समुदायाने कोणती शिस्त पाळली आणि त्या शिस्तीचे मोल काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

स्वामींनी इ. स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर त्यांचा शिष्यपरिवार विदर्भातील रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आला. नागदेवाचार्य तथा भटोबास हे या परिवाराचे प्रमुख होते. स्वामींच्या आठवणी काढणे हा त्यांचा नित्याचा परिपाठ होता. या आठवणी लिहून ठेवाव्यात, अशी कल्पना म्हाइंभट यांना सुचली. म्हाइंभट हे सराळ्याचे विद्वान ब्राह्मण. वादाच्या हेतूने आलेले आणि पुढे शिष्य झालेले हे गृहस्थ शास्त्रव्युत्पन्न होते, परंतु या कामी त्यांची व्युत्पत्ती फारशी उपयोगाची नव्हती. येथे हवी होती ती विचारण्याची आणि ऐकण्याची तयारी.

नागदेवाचार्यांनी स्वतः पाहिलेल्या लीळा सांगितल्या. ज्या लीळा इतरांनी अनुभवल्या होत्या त्यांसाठी म्हाइंभट त्या त्या व्यक्तींचा शोध घेत गावोगाव फिरले. मिळालेली माहिती नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून घेतली गेली. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे ‘एकांक’, ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ असे तीन भाग प्रसिद्ध आहेत. ज्याने पाहिले त्याच्याकडूनच ऐकावे आणि ऐकलेले जाणत्याकडून तपासून घ्यावे, ही दोन पथ्ये या संकलनाच्या मुळाशी आहेत. आजच्या क्षेत्रीय अभ्यासाची पद्धती याहून मूलतः निराळी नाही.

३

या ‘सांगणाऱ्यां’मध्ये सर्व प्रकारची माणसे होती, आणि स्त्रियांचा वाटा त्यांत लक्षणीय होता. बाइसा स्वामींच्या नित्य सेवेत असत. त्यामुळे जेवण, झोप, प्रवासातील सोय-गैरसोय यांविषयीचे पुष्कळ तपशील त्यांच्या वावरामुळेच ग्रंथात आले. महदाइसा तथा महदंबा यांची ख्याती प्रश्न विचारण्याबद्दल होती. स्वामींनी त्यांच्या जिज्ञासेची आणि चर्चा करण्याच्या वृत्तीची प्रशंसा केल्याचे लीळाचरित्रात आढळते. कित्येक लीळा या मूलतः प्रश्नोत्तरे आहेत. त्यांतील प्रश्न ब्रह्मविद्येचे असतात, तसेच रोजच्या आचाराचेही असतात. स्त्रियांच्या मासिक विटाळासंबंधी स्वामींनी केलेला उलगडा हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांनी त्याला देहाच्या इतर स्वाभाविक स्रावांच्या पंक्तीस बसविले. घरातील एका अडचणीवरचा हा उलगडा नोंदला गेला, म्हणूनच तेराव्या शतकातील शुचिर्भूततेच्या कल्पनांना दिलेले एक उत्तर आज उपलब्ध आहे.

दैनंदिन माहितीचे दुसरे भांडार म्हणजे स्वामींनी दिलेले दृष्टान्त. केशिराजबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त असे ११४ दृष्टान्त संकलित केले. त्यांतील सामग्री बहुतांशी व्यवहारातील आहे. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याची भारतभर परिचित असलेली कथा त्यात आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला त्यालाच तो हत्ती समजला. सत्याचा एक अंश हाती आलेल्याने तो अंश पूर्ण मानू नये, हा तिचा इत्यर्थ. तो आठवणींच्या संकलनालाही लागू पडतो, आणि लीळाचरित्राच्या परंपरेने तो प्रत्यक्ष आचरणात आणलेला दिसतो.

४

हे आचरण ‘वासना’ आणि ‘शोधु’ या दोन संज्ञांत पाहावयास मिळते. लीळाचरित्राची मूळ पोथी यादवसत्तेच्या अस्तकाळच्या धामधुमीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. त्यानंतर शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच निरनिराळे पाठ निर्माण झाले. हिराइसा आपल्या स्मरणशक्तीबद्दल प्रसिद्ध होत्या आणि त्यांच्या नावाचा पाठ परंपरेत मान्यता पावला. रामेश्वरबास, परशरामबास आदींचेही पाठ होते. पोथ्यांमध्ये एखाद्या लीळेच्या ओघात मध्येच एखाद्याचे नाव देऊन त्याला आठवत असलेला निराळा तपशील नोंदलेला आढळतो. अशा भिन्न कथनास ‘वासना’ म्हणतात, तर शोधाअंती हाती आलेल्या अधिक माहितीस ‘शोधु’ म्हणतात.

हे भेद पुष्कळदा अगदी लहान बाबींचे असतात. त्यावर पंथाचे तत्त्वज्ञान अवलंबून नव्हते. तरीही एका कथनासाठी दुसरे पुसून टाकले गेले नाही, दोन्ही नावानिशी शेजारी ठेवली गेली. वाचणाऱ्याला कोणाचे म्हणणे काय आहे हे कळावे आणि निर्णय त्याने करावा, अशी ही व्यवस्था आहे. इस्लामी परंपरेत हदीसच्या प्रत्येक वचनाबरोबर ते कोणाकडून कोणाकडे आले याची साखळी दिली जाते आणि त्या साखळीच्या विश्वसनीयतेवरून वचनाची प्रत ठरते. महानुभावांची पद्धत इतकी शास्त्रबद्ध झाली नाही. मात्र, माहितीला सांगणाऱ्यापासून तोडावयाचे नाही, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

५

या व्यवस्थेला भाषेच्या निवडीचे अधिष्ठान होते. केशिराजबास संस्कृतात रचना करू इच्छीत असता नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले, कारण त्यामुळे परिवारातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग सुपरिचित आहे. ज्यांनी आठवणी दिल्या त्यांनाच त्या वाचता-ऐकता आल्या पाहिजेत, हा त्यामागील न्याय होता. ख्रिश्चन ली नोव्हेट्झके यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठीच्या साहित्यभाषा होण्याचा संबंध अशाच सामान्य, दैनंदिन जीवनाच्या प्रतिष्ठेशी जोडला आहे.

तथापि या इतिहासाला दुसरी बाजू आहे. पुढील काळात पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपी आदी सांकेतिक लिप्यांत बद्ध केले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजण्याची ही युक्ती होती. परक्यांच्या हाती पोथ्या पडून त्यांची विटंबना वा विकृती होऊ नये, असे तिचे कारण सांगितले जाते. तिचा लाभ झाला हे नाकारता येत नाही. तेराव्या शतकाचे मराठी गद्य बऱ्याच अंशी तिच्या आवरणाखाली सुरक्षित राहिले. पण किंमतही मोठी द्यावी लागली. वृद्ध स्त्रियांसाठी मराठी निवडणाऱ्या पंथाचे हे गद्य पंथाबाहेरील मराठी समाजाला शतकानुशतके अज्ञात राहिले आणि आपल्या भाषेत असे जिवंत गद्य होते याची जाणीवच मराठी वाङ्मयाच्या परंपरेला राहिली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी केलेली लिपीची उकल आणि महानुभाव महंतांनी दिलेले सहकार्य यांमुळे हे दालन खुले झाले. १९३० च्या दशकापासून ह. ना. नेने, १९६० च्या दशकात शं. गो. तुळपुळे आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांच्या संपादित आवृत्त्यांनी ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला.

मुद्रित आवृत्तीने प्रसार साधला, परंतु वाचनाची सवयही बदलली. मुख्य मजकूर वर आणि पाठभेद तळटीपेत, अशी मांडणी संपादनशास्त्राच्या दृष्टीने योग्यच आहे. अडचण आहे ती विद्यार्थ्याच्या वाचनात. परीक्षेच्या निमित्ताने निवडक लीळा वाचणारा विद्यार्थी तळटीप आणि ‘वासना’ दोन्ही ओलांडून जातो. अनेकांनी मिळून सांगितलेला ग्रंथ मग त्याला एकट्या म्हाइंभटांची कलाकृती वाटू लागतो.

६

अध्यापनाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी सूचित होतात. पहिली लीळाचरित्राच्या वाचनासंबंधी आहे. पदव्युत्तर वर्गात किमान एक लीळा तिच्या सर्व पाठांसह वाचली जावी. कोणत्या तपशिलावर मतभेद आहे, कोणत्यावर नाही आणि भेद सांगणारी व्यक्ती त्या प्रसंगी उपस्थित होती काय, हे प्रश्न विचारले जावेत. १९९२ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस आणि तुळपुळे यांनी ‘स्मृतिस्थळा’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. स्वामींच्या पश्चात हा समुदाय परस्परांशी कसा बोलत होता, हे त्या ग्रंथात दिसते. म्हणून तो लीळाचरित्राबरोबर वाचणे उपयुक्त ठरेल.

दुसरी गोष्ट क्षेत्रीय संकलनासंबंधी आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांतून लोककथा, म्हणी, उखाणे, जात्यावरच्या ओव्या, पीकपाण्याचे ठोकताळे यांचे संकलन प्रकल्प म्हणून केले जाते. अशा प्रकल्पांत ‘असे लोक म्हणतात’ हे वाक्य वारंवार येते, आणि सांगणारी बाई वा बाप्या कोण हे लुप्त होते. दोन गावांतील भिन्न रूपांचा मेळ घालून एक ‘शुद्ध’ रूप तयार करण्याकडेही कल असतो. भोकरदन वा अंबड तालुक्यात एखाद्या म्हणीची दोन रूपे मिळाली, तर ती सांगणाऱ्याच्या संमतीने नावानिशी, गावासह आणि स्वतः अनुभवले की ऐकले या नोंदीसह शेजारी-शेजारी ठेवणे अधिक शास्त्रीय होय. सांगणाऱ्याची इच्छा नसल्यास नाव वगळावे, पण वय, व्यवसाय आणि प्रसंग नोंदवावा.

याच जिल्ह्यातील जाळीच्या देवासारख्या स्थानाची आठवण ज्यांच्या सांगण्यातून पुढे आली, त्यांत पोथी लिहिणारे थोडे आणि तोंडी सांगणारे पुष्कळ होते. म्हाइंभटांनी त्यांना विचारले, त्यांचे मतभेद परंपरेने सांभाळले, आणि म्हणून तेराव्या शतकातील एका समुदायाचे बोलणे आज वाचता येते. जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या वह्यांत सांगणाऱ्यांची नोंद याच रीतीने झाली, तर त्या वह्या पुढील अभ्यासकांना साधन म्हणून वापरता येतील. ती न झाल्यास मजकूर उरेल, पण तो पडताळण्याचा मार्ग उरणार नाही.