चि. बाळूस, गोविंदपुऱ्याच्या पत्त्यावर

चि. बाळू यास,


काल तुझ्या आईचा फोन आला. पिपलानीच्या काकांनी तुला गॅरेजात पाहिलं म्हणे : ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाशी उभा राहून सेल्फ-स्टार्टरच्या दोन बोल्टांवर पेचकस टेकवून तू इंजिन चालू करत होतास. खोटं असेल तर लगेच कळव. खरं असेल तर काय लिहू? रात्रभर डोळा लागला नाही.

पेचकस टेकवला की चावी आणि न्यूट्रलचं स्विच दोन्ही बाजूला राहतात. गिअर पडलेला असला तर इंजिनाबरोबर ट्रॅक्टरही निघतो, आणि तू चाकापुढे! आयटीआयमध्ये दोन वर्षं काय केलंस? पूर्वी हॅण्डल मारून इंजिन चालू करताना ते उलटून माणसांची मनगटं मोडायची, म्हणून केटरिंग नावाच्या इंजिनिअरने सेल्फ काढला आणि 1912 च्या कॅडिलॅकला तो बसला. माणूस वाचवायला आलेल्या वस्तूपाशी तू जीव टांगतोस.

बरं, त्यातून कळतं काय? सेल्फ फिरतो, एवढंच. चावीवर का फिरत नव्हता, ते कळत नाही. मी दिलेलं मीटर पेटीतच आहे ना? 12 व्होल्टची भरलेली बॅटरी उभ्या गाडीत 12.6 दाखवते. त्यावर भुलू नकोस, तुटत आलेली केबलसुद्धा भाराशिवाय पूर्ण व्होल्टेज दाखवते. न्यूट्रल आहे ना ते स्वतः पाहा, मग कुणाला तरी सीटवर बसवून चावी मारायला सांग. तेव्हा बॅटरीवर 9.6 च्या खाली आलं तर आधी बॅटरी बघ. नाहीतर चावी मारलेली असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस पोस्टवर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर धर. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर दोष वाटेत आहे. 200 अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे 100 वॉट नुसते सांध्यात जळतात. इंजिनाची बॉडी आणि मायनस यांच्यातही तसंच बघ. सांध्यांवरची पांढरी पूड खरवडायची सोडून किती चांगले सेल्फ उगाच उघडले जातात! चावी मारल्यावर सेल्फच्या बारीक वायरीवर व्होल्टेज येतं, जाड केबलही ठीक आहे आणि तरी सेल्फ गप्प, तेव्हाच तो खोल.

पण पुन्हा सांगतो, पेचकस नको.

भेलमध्ये लागण्याआधी मी एका गॅरेजात होतो, हे तुला ठाऊक आहे. का सोडलं, ते घरात कुणी बोलत नाही. मालकाची घाई होती. मी ट्रकखाली शिरून असाच पेचकस टेकवला, गिअर पाहिला नाही. गाडीने झेप घेतली. मी वाचलो. पुढे उभ्या असलेल्या माझ्या जोडीदाराचा पाय गेला. दवाखान्यात त्याला भेटायला जायचं धैर्य मला झालं नाही, आणि नंतर तो सापडला नाही. आज सत्तरीतही सेल्फचा आवाज आला की माझी नजर आधी चाकाकडे जाते.

रागाने लिहिलं, मनावर घेऊ नकोस. तुझा हात चांगला आहे, अगदी तुझ्या आजोबांसारखा. आवाजावरून तू कार्बन झिजलेला ओळखतोस, हे मला तुझ्या वयात जमलं नव्हतं. मालक घाई करू लागला तर माझं नाव सांग, मी बोलेन त्याच्याशी. काम सुटलं तरी चालेल, इथे खोली रिकामीच आहे.

पत्र मिळताच आधी आईला फोन कर. ती कालपासून नीट जेवलेली नाही.

तुझा,
मामा