आगोटीच्या आधी गाळ पारखून घ्या

मे महिना हा शेतात गाळ टाकण्याचा हंगाम. रोडपाली, कळंबोली, कामोठे या पट्ट्यातल्या जमिनी १९७० नंतर नवी मुंबईसाठी गेल्या आणि शेती थोडीच उरली. ज्यांच्याकडे अजून खाजणातलं भातशेत, भाजीचा मळा किंवा परसबाग आहे, त्यांनी ट्रॉली ओतून घेण्याआधी विचारावं: हा गाळ नदीने कुठे टाकला होता?

डोंगरातून येणारी नदी गाळ निवडत खाली उतरते. गाढी नदीचंच पाहा. माथेरानच्या उतारावर पाण्याला जोर असतो, तिथे धोंडे आणि गोटेच टिकतात. उतार कमी झाला की वाळू बसते. पुराचं पाणी काठावर पसरून संथ झालं की पोयटा बसतो. मळईची जमीन पिकते ती यामुळेच. चिकणमातीचे कण मात्र इतके बारीक, की गोड्या पाण्यात दिवसच्या दिवस तरंगत राहतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ते एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होऊन तळाशी जातात. म्हणून खाडीकाठचा चिखल बारीक, चिवट आणि खारट असतो. तो मळ्यात टाकू नका.

धरण-तलावाचा गाळ चांगला. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तलाठी किंवा कृषी सहायकाकडे चौकशी करा. पण तलावातही हीच निवड चालते. नदी शिरते त्या तोंडाशी वाळू, भिंतीकडे बारीक गाळ. खणायची जागा पाहून ठरवा.

घरी पारख करता येते. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा गाळ आणि वर पाणी घालून जोरात हलवा, मग बरणी ठेवून द्या. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू, पुढच्या काही तासांत बसतो तो पोयटा. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर चिकणमाती भरपूर आहे. अशा गाळाचा पातळ थरच द्या, तोही उन्हात वाळवून, ढेकळं फोडून आणि शेणखत मिसळून. क्षार मात्र बरणीत दिसत नाहीत. त्यासाठी माती परीक्षण करून घ्या. विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर बहुतेक भाजीपाला नीट येणार नाही.

कासाडीचा गाळ कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. ही नदी तळोजा औद्योगिक वसाहतीतून येते आणि तिच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं आहे. जड धातू बारीक कणांनाच धरून बसतात. मीठ पावसाने धुऊन जाईल, पण धातू जमिनीत राहतील आणि पालेभाजीतून पोराबाळांच्या ताटात येतील. या बाबतीत मला कसलीही तडजोड मान्य नाही.

खाजणात भात लावणाऱ्यांनी पहिल्या पावसाचं पाणी खाचरात कोंडून, ओहोटीला बाहेर सोडून क्षार धुऊन घ्यावेत. बियाण्यासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या खारपड सोसणाऱ्या जाती विचारा. आणि खाजणाच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं झडपेचं दार, आत्ताच तपासा. बाहेरच्या तोंडाशी वर्षभर चिखल साचतो, त्याने झडप अडकते. मग पावसाचं पाणी आत तुंबतं किंवा उधाणाचं खारं पाणी आत घुसतं. तोंड मोकळं करा, झडप उघडझाप करून पाहा आणि बांधाला खांड दिसली तर मिरगाआधी बुजवा.