व्यायाम : व्रत की व्यसन?

व्यायामाची महती या पत्रिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. समर्थांनी मारुतीच्या उपासनेशी बलोपासनेची सांगड घातली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रुजविला. तथापि उत्तम गोष्टीचाही अतिरेक झाला म्हणजे ती उपकारक न राहता अपायकारक होते. हा धडा मी ग्रंथांतून शिकण्यापूर्वी घरीच शिकलो.

दोन वर्षांपूर्वी रथसप्तमीस मी नित्य १०८ सूर्यनमस्कारांचा नेम धरला. काही महिन्यांत १०८ चे २१६ झाले. पुढे सायंकाळी बरकतपुऱ्याहून काचीगुड्यापर्यंत धावणे आले. मनगट सुजले तरी खंड नाही. एके पहाटे वडील तापाने फणफणले होते. “आज काकड आरती तू कर,” असे त्यांनी सांगितले. माझे चाळीस नमस्कार राहिले होते. ते पुरे करूनच मी निघालो. मंडळी बंद दारापुढे ताटकळत उभी होती. घरी परतल्यावर वडील एवढेच म्हणाले, “हे चाळीस नमस्कार कोणाला घातलेस रे?” मजजवळ उत्तर नव्हते.

आपल्या पूर्वाचार्यांनी ही मर्यादा स्पष्ट सांगितली आहे. वाग्भटाचार्य ‘अष्टांगहृदया’त म्हणतात की, सशक्त व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेदेखील थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, खोकला, ज्वर, वांती इत्यादी विकार होतात, असेही ते बजावतात. हैदराबादच्या वैशाखात हे विशेष ध्यानी धरावे.

अर्वाचीन काळी १९७० साली बेकलंड नामक अमेरिकन संशोधकास व्यायाम थांबविल्याने झोपेवर काय परिणाम होतो, हे पाहावयाचे होते. परंतु रोज व्यायाम करणारी माणसे द्रव्य देऊ केले तरी महिनाभर थांबावयास तयार होईनात! अखेर कमी व्यायाम करणारांवरच त्यास प्रयोग करावा लागला. नेम माणसाच्या हाती न राहता माणूसच नेमाच्या हाती जातो, तो असा.

मग व्रत व व्यसन यांतील भेद कसा ओळखावा? पुढील लक्षणे पाहावीत. (१) एक दिवस चुकला तर चीड, अस्वस्थता वा अपराधीपणा वाटणे. (२) ताप किंवा दुखापत असतानाही न थांबणे. (३) संख्या सतत वाढविल्याशिवाय समाधान न होणे. (४) व्यायामापायी कर्तव्य, अभ्यास व आप्तेष्ट यांची उपेक्षा होणे. (५) प्रसादाचा एक लाडू खाल्ला म्हणून शरीरास शिक्षा करणे. (६) व्यायाम चोरून करणे. मुलींची मासिक पाळी बंद पडणे हा तर धोक्याचा इशाराच होय. त्यातून पुढे हाडे ठिसूळ होतात. अतिश्रमानंतर लघवी काळपट झाल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे, कारण तुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडास इजा करतात.

हल्ली मनगटावरील घड्याळे १०,००० पावलांचा तगादा लावतात. हा आकडा शास्त्रवचन नव्हे; १९६५ च्या सुमारास जपानात विकावयास आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावावरून तो रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत.

उपाय कठीण नाहीत. आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचाच नेम धरावा. आजारात व्यायाम बंद ठेवावा. आकडा घरातील वडीलधाऱ्यांस सांगावा व त्यांनी थांब म्हटले की थांबावे. थांबणे जमतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात संकोच मानू नये. पालकांनीही मुलांच्या अंगकाठीची स्तुती वा निंदा सर्वांसमक्ष करू नये.

मी आता नित्य बारा नमस्कार घालतो, तेही आरती झाल्यावर. वडिलांनी पुन्हा तोच प्रश्न केला, तर आता मजजवळ उत्तर आहे.