जुन्या पाकिटावरून इतिहासाचा पाठ

तिकिटे जमविण्याचा छंद मुलांस सहज लागतो. परंतु तिकीट सोडवून पाकीट टाकून दिले, की निम्मा पुरावा नाहीसा होतो. तिकिटावरून टपालाचा दर कळतो. पत्र कोठून व केव्हा निघाले, हे पोस्टाचा शिक्का सांगतो.

१ ऑक्टोबर १८५४ पासून भारतात अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर ठरला. त्यामुळे दूरच्या आप्तास पत्र धाडणे सामान्य माणसास परवडू लागले.

शिक्का पुसट असला तरी काळ ताडता येतो. किंमत केवळ आण्यांत असल्यास तिकीट १ एप्रिल १९५७ पूर्वीचे होय. पत्त्यात सहा अंकी पिन कोड असल्यास पत्र १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे नव्हे. मात्र पिन कोड नाही, म्हणून पत्र जुनेच असे विद्यार्थ्यांनी समजू नये. पुष्कळ लोक तो लिहीत नाहीत.

पाठासाठी वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने प्रत्येकाने एक रिकामे पाकीट आणावे. तिकीट, शिक्का व पत्ता यांची नोंद वहीत करून पाकीट जसेच्या तसे परत न्यावे. गावाचा टपाल-इतिहास अशा पाकिटांतूनच टिकतो.