दुसरी रेघ

२०२० च्या पावसाळ्यात आमच्या ग्रामीण रुग्णालयात कोरोनाच्या अँटिजेन किटची पहिली खोकी आली. लॅब टेक्निशियन मी, त्यामुळे पट्टी वाचण्याचा मान माझा. पुढे त्या पट्टीनेच मला वाचलं.

१. 'मंजूर' हा शब्द दिसला की मी पुढचं वाचत नाही. कुकरवर आयएसआयचा शिक्का पाहावा, तसं आयसीएमआरचं नाव पाहून मी निर्धास्त झालो. वास्तविक १४ जून २०२० च्या पहिल्या मंजुरीच्याच कागदात सगळं लिहिलेलं होतं. आयसीएमआर आणि दिल्लीचं एम्स इथल्या पडताळणीत किटची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के भरली होती. म्हणजे वाईटात वाईट धरलं, तर दोन बाधितांतला एक सुटणार. उलट, निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात ते ९९.३ ते १०० टक्के पक्कं. पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा, लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, असा सगळा हिशेब होता. अर्ध्या तासात निकाल मिळावा म्हणून ही उणीव जाणूनबुजून पत्करलेली. लपवलं कुणीच नव्हतं. कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.

२. निकाल कुणालाच नको असतो, सुटका हवी असते. मलाही. एकदा घसा खवखवत होता. स्वतःचीच अँटिजेन केली, निगेटिव्ह आली आणि मी खुशाल बहिणीकडे जेवायला गेलो. "निगेटिव्ह असली तरी आरटीपीसीआर कराच" हे दिवसभर लोकांना सांगणारा मीच. दोन दिवसांनी आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली. ताई काही बोलली नाही, पण तिची सासू अजून बोलते.

३. पट्टीवर एकटी 'सी'ची, म्हणजे कंट्रोलची, रेघ उमटली तर निगेटिव्ह, दुसरीही उमटली तर पॉझिटिव्ह. पण 'सी'ची रेघ माझ्या कामाची ग्वाही देत नाही. द्रव पट्टीवरून नीट सरकला, एवढंच ती सांगते. नाकातली काडी पुरेशी आत गेली होती का, हे तिला ठाऊक नसतं. समोरचा शिंकेल या भीतीने मी किती काड्या घाईने बाहेर ओढल्या असतील! तेव्हाही 'सी' ठसठशीत उमटत असणारच.

४. पट्टीला असेल तेवढंच दिसतं. आरटीपीसीआर विषाणूच्या जनुकीय धाग्याच्या प्रती वाढवून पाहते. पट्टी विषाणूचं जेवढं प्रथिन असेल तेवढ्यावरच काम भागवते. म्हणून आज निगेटिव्ह आलेला परवा पॉझिटिव्ह येतो आणि शिव्या मला बसतात.

५. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीचं घरी वापरायचं किट मंजूर झालं, किंमत अडीचशे रुपये. आता आपल्याला कोण विचारणार, असं वाटून मी जरा खट्टू झालो. मग एका रात्री शेजारच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर पट्टीचा फोटो पाठवला. पाठोपाठ फोन. "दादा, एकच रेघ आहे ना रे?"

फोटो उघडण्याआधी मी विचारलं, "काकू, ताप आहे का?"

"आहे थोडा."