जुना वाडा : सांगितलेली किंमत आणि पटणारी किंमत

पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांतून किंवा नाशिक, वाई येथील जुन्या वस्त्यांतून हिंडताना दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर आणि माडी अशा रचनेचे वाडे अद्याप दृष्टीस पडतात. त्यांतील काही विक्रीस काढलेले असतात. परंतु वर्षानुवर्षे व्यवहार होत नाही. मालक सांगतो ती किंमत आणि ग्राहकास पटते ती किंमत यांत एवढे अंतर का पडते, याचा येथे थोडक्यात विचार करू.

मालक बहुधा शेजारच्या नव्या इमारतीतील दराने हिशोब मांडतो. ग्राहक मात्र त्याच आकड्यातून वजाबाकी करीत येतो. रस्ता अरुंद असला की बांधकामास मिळणारे चटई क्षेत्र मर्यादित होते. वाडा वारसा यादीत असेल, तर तो पाडण्यास वा बदलण्यास परवानगी लागते.

दुसरी वजाबाकी भाडेकरूंची. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अनेक जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि त्या उत्पन्नात डागडुजी भागेना. हे निर्बंध काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नमूद केले. पुढे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलात आला व दरसाल चार टक्के भाडेवाढीची तरतूद झाली. तथापि मूळ भाडेच तुटपुंजे असल्याने चार टक्क्यांनी फारसा फरक पडत नाही, आणि भाडेकरूचे संरक्षण कायम राहते.

तिसरी अडचण वारसांची. एका वाड्यास अनेक हिस्सेदार असतात आणि एकाची संमती अडली की सारा व्यवहार अडतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२ अन्वये, एखाद्या वारसाने आपला हिस्सा विकावयाचे ठरविल्यास सहवारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो, हेही ध्यानात ठेवावे.

उदाहरणादाखल, मोकळ्या जागेच्या हिशोबाने मूल्य १०० रुपये धरले आणि भाडेकरूंच्या पुनर्वसनास ३५ व दुरुस्तीस १५ रुपये लागणार असतील, तर ग्राहकाच्या हाती ५० च उरतात. मालक १०० वर अडतो, ग्राहक ५० वर थांबतो.

बाजार अनिश्चित असला की हे अंतर वाढते. व्यवहार थोडे, म्हणून तुलनेस आधार नाही. मग ऐकीव दरच प्रमाण मानला जातो. भाव चढेल या आशेने मालक थांबतो. पाऊस मात्र थांबत नाही. फुटलेल्या कौलांतून पाणी मातीच्या भिंतीत मुरते आणि तुळयांची टोके कुजतात. मातीच्या बांधकामाची पाण्यापुढे काय गत होते, हे १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांनी अनुभवले आहे. वाट पाहण्यालाही किंमत असते, आणि ती वाड्यालाच मोजावी लागते.

म्हणून किंमत सांगण्यापूर्वी मालकाने मिळकत पत्रिकेवरील नावे तपासून घ्यावीत, हिस्सेदारांची लेखी संमती मिळवावी आणि परिसरातील नोंदणीकृत खरेदीखतांतील रकमा पाहाव्यात. शासनाचे वार्षिक मूल्यदर मुद्रांक शुल्कासाठी असतात. त्यांवरून अंदाज येतो, पण एका विशिष्ट वाड्याचे मोल ठरत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा सल्ला घ्यावा. तोवर निदान छप्पर शाकारून घ्यावे.

गावठाणातील वाड्यांनाही हेच लागू आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा असून तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका देण्यात येतात. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास तंटे मिटतील, वाजवी किंमत ठरेल आणि काही वाडे तरी कोसळण्यापूर्वी जतन करणाऱ्या हाती जातील.